आयती खिडकी

न्हावी, दूधवाला आणि वर्तमानपत्र या तीन गोष्टी मध्यमवर्गीय माणूस सहसा बदलीत नाही. न्हाव्याची कात्री एखादे वेळी कानाजवळ जरा सैल चालली, तरी पुढल्या महिन्यात आपण मुकाट्याने त्याच्याच खुर्चीत जाऊन बसतो. पण या तिन्ही गोष्टी केव्हातरी कोणीतरी, निदान आजोबांनी का होईना, निवडलेल्या असतात. आता चौथी एक गोष्ट घरात अशी आली आहे की जिच्यावाचून आपला एक दिवस जात नाही आणि जी आपण निवडलेलीच नाही. तिचे नाव विचारले तर भलेभले अडखळतात. ती म्हणजे फोनमधला ब्राउझर; ज्या खिडकीतून आपण इंटरनेटवरचे सारे जग पाहतो ती खिडकी.

अडखळतात हे मी अनुभवाने सांगतो. यंदा कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर दूध आटेपर्यंत काहीतरी उद्योग हवा म्हणून मी मंडळींना विचारले, "तुमच्या फोनमध्ये ब्राउझर कोणता आहे?" एकजण म्हणाले, "गूगल." दुसरे म्हणाले, "जिओ." तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे असलं काही नाही हो, आम्ही फक्त नेट बघतो." शेवटी एक कॉलेजकुमार म्हणाला, "क्रोम. पण त्यात विचारायचं काय, काका? तो असतोच."

'तो असतोच' या दोन शब्दांत एका फार मोठ्या धंद्याचे सारे इंगित साठवलेले आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर आज तेच थोडे चाखून पाहू.

प्रथम ब्राउझर करतो काय, हे फराळाच्याच भाषेत सांगतो. आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा पलीकडून तयार चकली येत नाही. चकलीची कृती येते. मथळा एवढा मोठा ठेवा, चित्र डावीकडे लावा, बटण निळे करा, ते दाबले की अमुक करा, अशी ती कृती असते. ती वाचून प्रत्यक्ष चकली तळण्याचे काम फोनमधला ब्राउझर करतो. त्याच्या पोटातला जो भाग हे काम करतो त्याला या धंद्यातले लोक इंजिन म्हणतात. आता कृती एकच असली तरी कुणाची चकली खुसखुशीत होते, कुणाची मऊ पडते. वाटी म्हणजे किती आणि चमचा म्हणजे केवढा हे सगळ्यांचे एक असावे, यासाठी वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ साली वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियम ही संस्था काढली. माप ठरलेले, कृती सर्वांना खुली आणि तळणारे पुष्कळ, असा हा मूळचा संसार.

फोनवर हा संसार थाटणे सोपे नव्हते. पडदा काडेपेटीएवढा आणि बुद्धी बेताची. १९९७ साली नोकिया, एरिक्सन, मोटोरोला वगैरे कंपन्यांनी एकत्र येऊन फोनसाठी एक वेगळी, काटकसरीची पद्धत काढायचे ठरवले. तिचे नाव वॅप. १९९९ साली नोकियाच्या ७११० या फोनवर ती अवतरली. मजकुराच्या चार ओळी आणि खाली 'पुढे', असा तिचा थाट होता. भुकेल्या माणसाच्या हाती ताटाऐवजी नुसता पदार्थांचा फलक द्यावा तसे ते वाटे. त्यामुळे ती फारशी रुजली नाही.

खरी करामत केली ती नॉर्वेच्या ऑपेरा कंपनीने. २००६ च्या जानेवारीत तिने ऑपेरा मिनी नावाचा ब्राउझर जगभर मोफत दिला. युक्ती अशी की चकली फोनवर तळायचीच नाही. आपण पत्ता दिला की तो ऑपेराच्या मोठ्या संगणकाकडे जाई. तिथे पान तयार होई, चेपून चेपून लहान केले जाई आणि तेवढेच फोनकडे रवाना होई. आकारात नव्वद टक्क्यांपर्यंत बचत होते, असे कंपनी सांगे. आजच्या मुलांना याचे मोल कळायचे नाही. २०१० च्या सुमारास आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी दहा केबीला दहा पैसे असा दर असे. तीनशे केबीचे एक पान पाहायचे म्हणजे तीन रुपये. तेच ऑपेरा मिनीतून पाहिले तर तीस-चाळीस पैसे. महिन्याचा हिशेब वहीत लिहिणाऱ्या घरात हा फरक किती असतो, ते मी तुम्हांला सांगायला नको.

आणि आपल्या मराठीची गोष्ट तर त्याहून गोड आहे. त्या काळच्या कितीतरी फोनांत देवनागरी अक्षरेच नसत. मराठी वर्तमानपत्राचे संकेतस्थळ उघडावे तर पानभर रिकामे चौकोन. जणू कुणी न सोडवलेले शब्दकोडे. पण ऑपेरा मिनीत पत्त्याच्या जागी एक छोटासा मंत्र लिहिला की गुप्त यादी उघडे, आणि तीत 'अवघड लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरे वापरा' अशा अर्थाची एक ओळ असे. तिथे 'होय' केले की पलीकडचा संगणक मराठी मजकुराची चित्रे काढून पाठवी. चौकोन जात आणि आपली भाषा दिसू लागे. हा मंत्र पोरे एकमेकांना कानात सांगितल्यासारखा सांगत. माझ्या पुतण्याने माझ्या साध्या फोनवर तो चालवून दिला, तेव्हा बसच्या दांडीला लोंबकळत मी मराठी अग्रलेख वाचून काढला, आणि शेजारचा प्रवासीही माझ्या खांद्यावरून वाचत होता.

अर्थात मध्यस्थ आला की त्याची दलालीही आली. सारे काही त्या पलीकडच्या संगणकातून जाई; बँकेचा परवलीचा शब्दसुद्धा. याच वाटेने पुढे चीनचा यूसी ब्राउझर आला आणि काही वर्षे भारतातल्या फोनांवर सर्वांत लोकप्रिय ठरला. २०१४ साली अलीबाबाने त्याची कंपनी विकत घेतली. २०१५ साली टोरांटोच्या सिटिझन लॅबने त्यातून वापरणाऱ्याची माहिती पाझरते असे दाखवून दिले. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ज्या ५९ ॲपांवर बंदी घातली त्यांत त्याचेही नाव होते. ते काहीही असो. एक गोष्ट त्या दिवसांत होती. लोक ब्राउझर स्वतः शोधून आणीत, दोनतीन पारखीत आणि त्यांतला एक ठेवीत. प्रत्येक केबीला पैसे पडत होते, म्हणून गिऱ्हाईक चोखंदळ होते.

मग काळ पालटला. २००७ साली आयफोन आला. त्यात संगणकावरच्यासारखा पुरता ब्राउझर, सफारी, आयताच बसवलेला होता. त्याच्या इंजिनाचे नाव वेबकिट. या इंजिनाची वंशावळ मनोरंजक आहे. केडीई नावाच्या प्रकल्पातल्या मंडळींनी केएचटीएमएल हे मोफत इंजिन तयार केले होते; ते घेऊन ॲपलने वेबकिट केले. गूगलने २००८ साली क्रोम काढला तो या वेबकिटवरच, आणि २०१३ साली तिथून बिऱ्हाड वेगळे करून ब्लिंक हे आपले इंजिन मांडले. म्हणजे आज जगातल्या बहुतेक फोनांत जी दोन इंजिने चालतात, त्यांतले एक केएचटीएमएलचा मुलगा आणि दुसरे नातू. तिसरे गेको, फायरफॉक्सचे. ते दुसऱ्या घराण्यातले. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ सुरू झाले, डेटा स्वस्त झाला, आणि पाने चेपून देणाऱ्याची गरजही उरली नाही. नव्या अँड्रॉइड फोनात क्रोम येतच होता. 'तो असतोच' हे युग सुरू झाले.

ऑपेराच्या स्वतःच्या इंजिनाचे काय झाले, ते ऐकण्यासारखे आहे. एखादी नवी सोय प्रायोगिक असली की इंजिनवाले तिच्या नावाआधी आपल्या घराण्याची खूण लावीत. संकेतस्थळ बांधणाऱ्याने सर्व घराण्यांच्या खुणा लिहाव्यात, अशी अपेक्षा. पण बांधणाऱ्याच्या टेबलावर आयफोन. त्यावर चकली झकास दिसली की त्याचे काम संपले! त्याने वेबकिटची तेवढी खूण लिहिली. परिणाम असा की ऑपेराला तेच सारे करता येत असूनही तिच्यात पान वेडेवाकडे दिसे, आणि लोक नावे ठेवीत ती ऑपेराला. २०१२ साली तिने नाइलाजाने वेबकिटच्या काही खुणांना ओ द्यायचे ठरवले. २०१३ च्या फेब्रुवारीत, महिन्याला तीस कोटी लोक आपले ब्राउझर वापरतात असे सांगत असतानाच, तिने स्वतःचे इंजिन सोडून देत असल्याचे जाहीर केले. २०१८ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टसारख्या धनाढ्य कंपनीनेही हाच मार्ग धरला. सुगरण हरली ती हात वाईट म्हणून नव्हे. कृती लिहिणारे एकाच शेगडीकडे पाहून लिहू लागले म्हणून.

मध्यंतरी आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनी तर खिडकीच नको असे ठरवून पाहिले. २०१५ साली फ्लिपकार्टने फोनवरचे संकेतस्थळ बंद करून गिऱ्हाइकांना आपल्या ॲपकडे वळवले, आणि मिंत्राने त्याच वर्षीच्या मे महिन्यात संगणकावरचेही दुकान बंद केले. आमच्याकडे खरेदी करायची तर आधी आमची पेटी तुमच्या घरात ठेवून घ्या, असा हा न्याय. ज्याच्या स्वस्त फोनात जागा नाही तो बाहेर. पण धंद्याला हे परवडेना. नोव्हेंबरात फ्लिपकार्टने ब्राउझरमध्येच चालणारे 'फ्लिपकार्ट लाइट' काढले, आणि २०१६ साली मिंत्रानेही दार पुन्हा उघडले. ब्राउझर हे कुणाचीही परवानगी न विचारता आत येता येईल असे दार आहे, एवढे तरी त्यातून सर्वांना कळले.

पण ते दार खरोखर सर्वांना उघडते का? गेल्या पावसाळ्यातली एक हकीकत सांगतो. आमच्या शेजारच्या वहिनींच्या यजमानांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. विम्याच्या पैशांसाठी एका विमा कंपनीच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा होता आणि मुदतीचा शेवटचा दिवस होता. वहिनींकडे आयफोन; अमेरिकेतल्या मुलाने आपला जुना दिलेला. बिलांचे फोटो चढवले, खाते क्रमांक भरला आणि शेवटचे 'सादर करा' हे बटण दाबले, तर ते दगडासारखे ढिम्म. कंपनीच्या मदत केंद्रातली मुलगी म्हणाली, "मॅडम, क्रोममधून करा ना." आम्ही क्रोम उतरवून घेतला, सारे पहिल्यापासून भरले. पुन्हा तेच. वहिनी रडकुंडीला आल्या. "भावजी, अठ्ठेचाळीस हजारांचं बिल आहे हो. आज गेलं तर गेलंच."

मी पुण्याला पुतण्याला फोन लावला. तो याच धंद्यात आहे. तो म्हणाला, "काका, आयफोनमधल्या क्रोमच्या पोटात क्रोमचं इंजिन नसतंच. पाटी क्रोमची, आत वेबकिटच. ॲपलचा तसा नियम आहे. कुणाचा तरी अँड्रॉइड फोन मिळवा." रात्री साडेदहाला खाली वॉचमनच्या साध्याशा फोनवरून तो अर्ज पहिल्या झटक्यात गेला. पैसे यथावकाश मिळाले आणि वॉचमनला दुसऱ्या दिवशी वहिनींच्या हातचा शिरा मिळाला.

यात हसण्यासारखे पुष्कळ आहे. पण ज्याच्या इमारतीला वॉचमन नाही, शेजार नाही आणि पुण्याला पुतण्या नाही, त्याने काय करायचे? ज्यांनी तो अर्ज बांधला त्यांनी तो एकाच शेगडीवर तळून पाहिला होता. आज विमा, बँक, शाळेचा प्रवेश, वीजबिल हे सारे खिडकीतूनच चालते. अशा वेळी 'अमुक ब्राउझर वापरा' ही पाटी म्हणजे सरकारी रेशन दुकानाने 'अमुक कंपनीचीच पिशवी आणा' म्हणण्यासारखे आहे.

ॲपलचा तो नियम गेली कित्येक वर्षे आहे. सुरक्षिततेसाठी तो लागतो, असे कंपनीचे म्हणणे. आणि ते अगदीच खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण युरोपीय संघाने नवा कायदा करून मार्च २०२४ पासून आपल्या हद्दीत तो सैल करायला लावला, आणि ब्राउझरांची यादी समोर ठेवून माणसाला त्याची आवड विचारा, असेही बजावले. त्यानंतर कितीतरी लहान ब्राउझरांनी आपल्याकडे नवे गिऱ्हाईक आल्याचे सांगितले. नुसते विचारले एवढ्यानेच! जपाननेही २०२४ साली त्याच धर्तीचा कायदा केला.

आणि न विचारण्याची किंमत किती असते, तेही एका खटल्यात उघड झाले. अमेरिकेच्या सरकारने गूगलवर भरलेल्या या खटल्यात असे दिसले की फोनांत आणि ब्राउझरांत आपले शोधयंत्र आयते बसलेले असावे, म्हणून गूगलने २०२१ या एका वर्षात ॲपल वगैरे मंडळींना मिळून २६.३ अब्ज डॉलर दिले. ते बदलायची मुभा आपल्याला होतीच. पण माणूस बदलीत नाही, या एका विश्वासावर एवढी रक्कम लावलेली होती. गंमत म्हणजे गूगलचा प्रतिस्पर्धी जो फायरफॉक्स, त्याचीही चूल मुख्यतः गूगलकडून येणाऱ्या अशाच पैशांवर पेटते. ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायमूर्ती अमित मेहता यांनी गूगलने शोधाच्या धंद्यातली मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निकाल दिला. सरकारने क्रोम विकायला लावा म्हटले. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायमूर्तींनी ते मानले नाही, पण 'फक्त आमचेच ठेवा' असले करार करायला मनाई केली.

आपल्याकडेही भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. अँड्रॉइडमधल्या बळावर जे बाजार ताब्यात ठेवले असे आयोगाने म्हटले, त्यांत ब्राउझरचाही बाजार होता. सरकारने २०२३ साली स्वदेशी ब्राउझरसाठी स्पर्धाही लावली, आणि २०२५ च्या मार्चमध्ये एक कोटीचे पहिले बक्षीस झोहो कंपनीला मिळाले. अभिनंदनाचीच गोष्ट, मात्र झोहोच्या 'उला' या ब्राउझरच्या पोटातही गूगलच्याच क्रोमियम प्रकल्पाचे इंजिन आहे. चौकट आपली, काच त्यांची. इंजिन उभे करणे हे किती अवघड आणि खर्चाचे काम आहे, हे यावरून लक्षात यावे.

आता कोणी म्हणेल, क्रोम चांगला चालतो, मग तक्रार कशाची? तक्रार क्रोमची नाहीच. तो उत्तम असेल. माझ्याही फोनात आहे. पण ज्या बाजारात गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाकडे बघतही नाही, तिथे पहिल्या दुकानदाराला उत्तम राहण्याचे कारण उरत नाही. ज्या दिवशी सारी संकेतस्थळे एकाच शेगडीवर तळून पाहिली जातील, त्या दिवशी वाटी-चमच्याचे माप ठरवणारी संस्था नावापुरती राहील. माप तो शेगडीवाला ठरवील. सर्वांना खुली असलेली कृती मग त्याच्या घरची कृती होईल.

न्यायालये आणि आयोग आपले काम करोत. आपल्या हातात मात्र एक छोटी गोष्ट आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट ॲप्स' म्हणून एक जागा असते. आयफोनमध्येही २०२० पासून ब्राउझर बदलता येतो. तिथे जाऊन एकदा आपल्या खिडकीचे नाव तरी वाचा. शक्य तर वेगळ्या इंजिनाचा एक ब्राउझर जोडीला ठेवा. अँड्रॉइडवर फायरफॉक्स तसा आहे. आठ दिवस वापरा, पसंत नसेल तर खुशाल पहिल्याकडे परत जा; मग तो निदान तुम्ही निवडलेला असेल. आणि एखाद्या संकेतस्थळाने 'अमुकच ब्राउझर आणा' म्हटले तर गप्प न बसता दोन ओळींची तक्रार लिहा. मीटरचे आकडे चुकले की आपण लिहितोच ना?

आकाशकंदील घ्यायला आपण चार दुकाने पालथी घालतो, रंग बघतो, कागद चाचपतो, आणि तो असतो चार दिवसांसाठी. ज्या खिडकीतून वर्षभर जग पाहायचे, तिच्यासाठी पाच मिनिटे द्यायला हरकत नसावी.